होजे बौतिस्ता

होजे अँतोनियो बौतिस्ता (जन्म: १९ ऑक्टोबर, १९८०; सांतो दोमिंगो, डॉमिनिकन प्रजासत्ताक) हा मेजर लीग बेसबॉलमधील निवृत्त खेळाडू आहे. तो प्रामुख्याने उजव्या बाजूचा आउटफिल्डर आणि काही वेळा तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षक म्हणून खेळला. कारकिर्दीत त्याने ३४४ होम रन मारले; त्यांपैकी २८८ टोरोंटो ब्लू जेज या कॅनडातील संघाकडून खेळताना मारलेले आहेत. २०१० ते २०१५ अशी सलग सहा वर्षे त्याची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मात्र तो कोणत्याही संघाला फारसा हवासा वाटणारा खेळाडू नव्हता. एका संघात स्थिर न होता, जिथे जागा रिकामी असेल तिथे भरती म्हणून वापरल्या जाणाऱ्या खेळाडूला अमेरिकी बेसबॉलमध्ये ‘जर्नीमन’ म्हणतात. असे खेळाडू शेकड्यांनी असतात आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे काही वर्षांत विसरली जातात. बौतिस्ता त्या गर्दीतून बाहेर कसा पडला, हा त्याच्या चरित्रातील सर्वांत अभ्यसनीय भाग आहे.

== प्रारंभ ==

डॉमिनिकन प्रजासत्ताकातील होतकरू मुले बहुधा सोळाव्या-सतराव्या वर्षीच अमेरिकी संघांशी करार करून व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरतात. बौतिस्ताने वेगळी वाट धरली. तो शिक्षणासाठी फ्लोरिडा राज्यातील चिपोला महाविद्यालयात गेला. अमेरिकेतील महाविद्यालयात असल्यामुळे तो वार्षिक खेळाडू-निवडीस पात्र ठरला आणि २००० साली पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला विसाव्या फेरीत निवडले. इतक्या मागच्या फेरीतील खेळाडूकडून संघाच्या फार अपेक्षा नसतात.

२००३ साली कनिष्ठ स्तरावर खेळताना त्याने संतापाच्या भरात कचऱ्याच्या डब्यावर ठोसा मारला. त्यात हाताचे हाड मोडले आणि त्या मोसमाचा बराच भाग वाया गेला.

== एका मोसमात पाच संघ ==

मेजर लीगमध्ये ‘रूल फाइव्ह’ नावाची एक निवडपद्धत आहे. एखाद्या संघाने गुणी खेळाडूंना वर्षानुवर्षे कनिष्ठ स्तरावर अडकवून ठेवू नये, हा तिचा हेतू. ठरावीक वर्षे झालेल्या, परंतु संघाच्या चाळीस जणांच्या राखीव यादीत नसलेल्या खेळाडूला दुसरा संघ उचलू शकतो. त्यासाठी त्या काळी ५०,००० डॉलर मोजावे लागत. अट एकच, पण कडक: उचललेल्या खेळाडूला पूर्ण मोसम मुख्य संघातच ठेवले पाहिजे. ते जमत नसेल तर तो आधी इतर संघांना उपलब्ध करावा लागतो आणि कोणीच घेतला नाही तर निम्म्या रकमेत मूळ संघाला देऊ करावा लागतो.

पायरेट्सने बौतिस्ताला राखीव यादीत ठेवले नव्हते. डिसेंबर २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला याच पद्धतीने घेतले. व्यावसायिक बेसबॉलच्या शिडीवरील वरच्या पायऱ्या, म्हणजे डबल-ए आणि ट्रिपल-ए, त्याने तोवर पाहिल्याही नव्हत्या. तरी नियमापोटी त्याला थेट मेजर लीगच्या बाकावर बसावे लागले. ४ एप्रिल, २००४ रोजी त्याने पदार्पण केले. जूनच्या सुरुवातीस ओरिओल्सने सोडल्यावर टॅम्पा बे डेव्हिल रेजने त्याला घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅन्सस सिटी रॉयल्सने विकत घेतले. ३० जुलै रोजी रॉयल्सने त्याला न्यूयॉर्क मेट्सकडे धाडले आणि मेट्सने त्याच दिवशी दुसऱ्या व्यवहारात पिट्सबर्गला देऊन टाकले. मेट्सकडून तो एकही सामना खेळला नाही. एकाच मोसमात मेजर लीगच्या पाच संघांच्या यादीत नाव असलेला तो पहिला खेळाडू ठरला. या प्रवासाचे फलित फलंदाजीच्या ८८ संधी, ०.२०५ सरासरी आणि शून्य होम रन एवढेच होते.

खेळाडूचे हित जपण्यासाठी केलेल्या नियमाने येथे उलटेच साधले, असे म्हणावे लागते. ज्या वयात रोज चार-पाच वेळा फलंदाजी करून शिकायचे, त्या वयातील एक पूर्ण वर्ष बौतिस्ताने बाकावर आणि विमानतळांवर घालवले. २००५ मध्ये त्याला पुन्हा खालच्या स्तरावर जाऊन राहिलेला अभ्यास पुरा करावा लागला.

== पिट्सबर्ग ते टोरोंटो ==

२००६ आणि २००७ मध्ये तो पिट्सबर्गकडून बऱ्यापैकी नियमित खेळला. या दोन वर्षांत त्याने अनुक्रमे १६ आणि १५ होम रन मारले. कधी तिसरा बेस, कधी आउटफिल्डची कोणतीही बाजू, अशी त्याची जागा सतत बदलत असे. २००८ च्या जुलैअखेरीस पायरेट्सने तिसऱ्या बेससाठी अँडी लारोश हा तरुण खेळाडू आणला आणि बौतिस्ताची रवानगी ट्रिपल-एमध्ये झाली. २१ ऑगस्ट रोजी त्याला टोरोंटोकडे देण्यात आले. मोबदल्यात कोणता खेळाडू मिळणार हेसुद्धा त्या दिवशी ठरलेले नव्हते. नंतर रॉबिन्झोन दियाझ हा कॅचर पिट्सबर्गला मिळाला.

टोरोंटोतही आरंभी तो राखीव खेळाडूच होता. २००९ च्या उन्हाळ्यात दोन जागा जवळजवळ एकाच वेळी मोकळ्या झाल्या. ३१ जुलैला तिसऱ्या बेसवरील स्कॉट रोलेन सिनसिनाटीला गेला आणि १० ऑगस्टला उजव्या बाजूचा नियमित आउटफिल्डर अलेक्स रिओस शिकागो व्हाइट सॉक्सने उचलला. बौतिस्ताला प्रथमच रोज खेळण्याची हमी मिळाली.

== तंत्रातील बदल ==

केवळ संधीने मात्र काम झाले नसते. पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर सुमारे १८.४ मीटर असते. ताशी १४५ ते १५० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. इतक्या वेळात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅटही फिरवायची असते. बौतिस्ताची हालचाल उशिरा सुरू होत असे. मनगटांत आणि खांद्यांत बळ असूनही बॅट चेंडूला अखेरच्या क्षणी भेटे आणि फटक्यात जोर राहत नसे.

ब्लू जेजचा मॅनेजर सिटो गॅस्टन आणि प्रशिक्षक ड्वेन मर्फी हे दोघेही पूर्वाश्रमीचे आउटफिल्डर. त्यांनी त्याला हालचाल लवकर, त्याला स्वतःला अवघड वाटावे इतकी लवकर, सुरू करायला लावली. उजव्या हाताने खेळणारा बौतिस्ता आता पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधीच डावा पाय उंच उचलू लागला. पाय टेकेपर्यंत शरीराचा भार मागे तोललेला असल्याने निर्णयाला थोडा अधिक अवधी मिळे आणि बॅट चेंडूला शरीराच्या पुढे गाठे. असा फटका डाव्या बाजूला दूर जातो. त्याचे बहुतेक सर्व होम रन त्याच बाजूला गेलेले दिसतात. २००९ च्या मोसमातील १३ पैकी १० होम रन त्याने सप्टेंबरपासूनच्या अखेरच्या टप्प्यात मारले. संघ स्पर्धेबाहेर असल्याने त्या वेळी फारशा कोणाच्या ते ध्यानात आले नाही.

== २०१० आणि त्यानंतर ==

२०१० च्या मोसमाआधी बौतिस्ताच्या नावावर मेजर लीगमध्ये एकूण ५९ होम रन होते. त्या एका मोसमात त्याने ५४ मारले. जॉर्ज बेलचा १९८७ मधील ४७ होम रनचा संघविक्रम मोडला गेला. दोन्ही लीग मिळून दुसऱ्या क्रमांकावरील अल्बर्ट पुहोल्स ४२ वर होता. पन्नासावा होम रन २३ सप्टेंबर रोजी सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांदेझला मारलेला होता आणि तो सामना टोरोंटोने १-० असा जिंकला, म्हणजे त्या सामन्यातील ती एकमेव धाव होती. त्याच सामन्यात सिअ‍ॅटलच्या इचिरो सुझुकीने सलग दहाव्या मोसमात २०० हिट पूर्ण केले.

उत्तेजकांच्या प्रकरणांनी बेसबॉल नुकताच पोळला होता. त्यामुळे या अचानक उसळीविषयी वृत्तपत्रांतून संशय व्यक्त झाला. बौतिस्ताने तो फेटाळला आणि त्याच्यावर कधीही अशी कारवाई झाली नाही. पुढील वर्षीचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. २०११ मध्ये पिचर त्याला मारता येण्याजोगे चेंडू देईनासे झाले, तेव्हा त्याने ते सोडून देण्याचा संयम दाखवला. चार बाद चेंडूंवर पहिला बेस मिळणे, ज्याला ‘वॉक’ म्हणतात, ते त्याला १३२ वेळा लाभले. सरासरी ०.३०२ झाली आणि ४३ होम रनसह तो पुन्हा अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. नजर आणि निवड ही बाहुबळाहून वेगळी गोष्ट असते. त्या मोसमाआधी, फेब्रुवारी २०११ मध्ये, टोरोंटोने त्याच्याशी पाच वर्षांसाठी ६.५ कोटी डॉलरचा करार केला होता.

जुलै २०१२ मध्ये मनगटाला दुखापत झाल्याने त्याचा वेग काही काळ मंदावला. १४ ऑक्टोबर, २०१५ रोजी टेक्सास रेंजर्सविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात, सातव्या इनिंगमध्ये, ३-३ अशी बरोबरी असताना त्याने सॅम डायसनला तीन धावांचा होम रन मारला आणि बॅट भिरकावून दिली. १९९३ नंतर प्रथमच बाद फेरीत आलेल्या टोरोंटोने सामना ६-३ असा जिंकला. बॅट भिरकावण्याच्या त्या कृतीवरून शिष्टाचाराचा मोठा वाद झाला. मे २०१६ मध्ये दोन्ही संघ पुन्हा भेटले असता रेंजर्सच्या रुग्नेद ओदोरने त्याला मैदानावर ठोसा मारला.

२०१७ मध्ये सरासरी ०.२०३ पर्यंत घसरली आणि ब्लू जेजने करार पुढे चालवला नाही. २०१८ मध्ये तो अटलांटा ब्रेव्ह्ज, न्यूयॉर्क मेट्स आणि फिलाडेल्फिया फिलीज अशा तीन संघांतून खेळला. ज्या मेट्सकडे तो २००४ मध्ये काही तासच होता, त्यांच्याकडून आता प्रत्यक्ष मैदानात उतरला. टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या डॉमिनिकन संघात तो होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने ब्लू जेजशी एका दिवसाचा करार करून निवृत्ती घेतली. त्या वेळी टोरोंटोच्या मैदानावरील सन्मानफलकावर त्याचे नाव लावण्यात आले.