संयोगभूमीचे इंग्रजी नाव

दोन मोठ्या भूभागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या जमिनीला आपण संयोगभूमी म्हणतो. तिच्या इंग्रजी नावाने शाळेत असताना माझी मोठी फजिती केली. पुस्तकातील अक्षरे पाहून मी भर वर्गात ‘इस्थमस’ असे वाचले. गुरुजी हसले, म्हणून वर्गही हसला. खरा उच्चार मात्र कोणीच सांगितला नाही. पुढे कित्येक दिवस भूगोलाच्या तासाला मी तोंड उघडले नाही.

श्रोतेहो, तो उच्चार आहे ‘इस्मस’. आघात पहिल्या ‘इस्’वर द्यावा आणि ‘मस’ हलकेच सोडून द्यावे. मधली ‘टी’ व ‘एच’ ही अक्षरे लिहावयाची, पण बोलावयाची नाहीत. ती उच्चारणारे इंग्रजही आहेत, परंतु ‘इस्मस’ म्हणणाऱ्याला कोणी चूक म्हणणार नाही. दम्याच्या इंग्रजी नावातही हीच अक्षरे मुकी असतात. आपण ‘अस्थमा’ म्हणतो, इंग्रज ‘अ‍ॅस्मा’ म्हणतो.

असे का व्हावे? इंग्रजीतील हा ‘थ’ आपला नव्हे. जीभ दातांना लावून नुसता श्वास घासत सोडला की तो होतो. ‘स’ आणि ‘म’ यांच्या मध्ये तो सापडला म्हणजे चेंगरून नाहीसा होतो. आपल्या जिभेला मात्र स्थान, आस्था, अवस्था या शब्दांची सवय. तिला ‘स्थ’ मुळीच जड जात नाही. आपली चूक होते ती या सामर्थ्यामुळेच.

आणि मौज अशी, की हा शब्द मूळचा ग्रीक. ग्रीसचा दक्षिण भाग मुख्य भूमीला जोडणारी कॉरिंथची संयोगभूमी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. तिची रुंदी सुमारे ६ किलोमीटर. पूर्वी तेथे फरसबंद वाटेवरून नौका ओढून नेत. १८९३ मध्ये कालवा खुला झाला. त्या प्राचीन ग्रीकांचा ‘थ’ आपल्या थकारासारखाच महाप्राण होता, आणि ते या शब्दाला ‘इस्थमॉस’ म्हणत. लॅटिनमार्गे सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला. लेखन टिकले, ध्वनी गळाला.

म्हणजे वर्गात हसू झालेला तो मुलगा इंग्रजांपासून दूर, पण ग्रीकांच्या जवळ होता! इंग्रजी बोलताना ‘इस्मस’च म्हणावे, हे खरे. पण कोणी चुकले तर आधी उच्चार सांगावा. हसण्याची मग गरजच उरत नाही.