रक्तदाबाचा आकडा आणि रिकामे कपाट

उच्च रक्तदाब सावकारी व्याजाप्रमाणे निमूटपणे चढतो. पुष्कळदा पहिला तगादा येतो तो पक्षाघाताच्या रूपानेच. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्यातील अनेक केंद्रांत परिचारिका ‘सिंपल’ या मोबाइल ॲपवर रक्तदाब नोंदवू लागल्या. नेमल्या दिवशी न आलेल्या रुग्णांची यादी ॲपच देई. मग त्यांना दूरध्वनी जाई. यंत्राची खरी उपयुक्तता ती हीच. परंतु रोजंदारी बुडवून आलेल्या रुग्णाला औषधाचे कपाट रिकामे आढळले, तर तो पुन्हा कशाला येईल? महिन्याच्या गोळ्या एकदम आणि घराजवळच्या उपकेंद्रात मिळाव्यात, ही तरतूद शासनाने आधी केली पाहिजे. एरवी आपल्या हाती उरतील त्या केवळ बिनचूक नोंदी.