माया किती सोडायची?

आपल्याकडे मुलासाठी घेतलेली वस्तू सहसा त्याच्या आजच्या मापाची नसते. ती त्याच्या दोन वर्षांनंतरच्या मापाची असते. जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला बजावते, "वाढतं अंग आहे, शिवणीत माया सोडा." शिंपीही पँट खालून चार बोटे आत दुमडून ठेवतो. चप्पल एक नंबर मोठी, स्वेटर पंजे झाकणारा आणि सायकल तर थेट बापाचीच. नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारत शिकायची. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात याला कंजुषी म्हणता येत नाही. यंदा पिकले म्हणून पुढच्या वर्षी पिकेलच असे नाही, तेव्हा एकदा घेतलेली वस्तू दोन वर्षे पुरली पाहिजे, हा साधा हिशेब आहे.

हा हिशेब मोटारसायकलीला लावावा की नाही, असा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात उभा राहिला. गाडीही साधी नव्हे, डर्ट बाईक. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी, मुलगा दहा वर्षांचा असताना, त्याने त्याला कावासाकीची केएलएक्स ११० ही लहान गाडी घेऊन दिली. सुट्टीत ती छोट्या हत्तीत घालून पाटोदा तालुक्यातल्या आमच्या शेतावर येते. पहिल्यांदा ती उतरवली तेव्हा निम्मे गाव गोळा झाले होते. "दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर नाही, मग ही गाडी कशाची?" असे एका म्हाताऱ्याने विचारले. प्रश्न अचूक होता. ही रस्त्याची गाडी नव्हेच. तिची नोंदणी होत नाही, डांबरी रस्त्यावर ती आणता येत नाही. बांध, मुरमाड माळ, पीक निघालेले रान, एवढेच तिचे राज्य. बालाघाटाच्या माळरानाला अशा जागांचा तोटा नाही. फक्त आमच्याच तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, तिकडे हा आवाज न्यायचा नाही, हा घरचा नियम.

पोरगा दोन वर्षांत सहा इंच वाढला. आता पाच फूट पाच इंच, वजन मात्र अठ्ठेचाळीस किलो, बाभळीच्या शेंगेसारखा. केएलएक्स ११० ची बैठक जमिनीपासून ६८० मिलिमीटर, म्हणजे सत्तावीस इंचांच्या आत. तिच्यावर तो बसला की गुडघे हँडलला लागू लागले. खडबडीत रानात डर्ट बाईक उभ्याने चालवतात. हा उभा राहिला की कमरेत वाकायचा. बांधावरून उतरताना पुढचे शॉकअब पार तळाला जाऊन ठक्कन वाजायचे. लहान झालेली गाडी सुरक्षित असते, हा गैरसमज आहे. वळताना गुडघा हँडलला अडकणे हे पडण्याचेच निमंत्रण. गाडी बदलायची, यावर दुमत नव्हते. कोणती घ्यायची, यावर होते.

भावाचा फोन आला. "दादा, डायरेक्ट मोठीच घेतो. वाढतं वय आहे. दरवर्षी कुठं बदलत बसायचं? गाडीची किंमत लाखात आहे." त्याच्या डोळ्यांसमोर दोन गाड्या होत्या. एक कावासाकीचीच केएक्स ११२. दुसरी, तिच्याही पुढची, २५० सीसीची कोणतीतरी. मुलाचे मत अर्थातच दुसरीकडे झुकलेले.

आता गंमत पाहा. मुलाची जुनी गाडी ११२ सीसीची आणि केएक्स ११२ सुद्धा ११२ सीसीची. जुनीचे वजन ७६ किलो, नवीचे ७७. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, नुसती उंच बहीण आहे. प्रत्यक्षात एक शेळी आहे आणि दुसरी रानडुक्कर. केएलएक्स ११० फोर स्ट्रोक, तिला हाताचा क्लच नाही, मूठ पिळली तरी ती सावकाश विचार करून निघते. केएक्स ११२ टू स्ट्रोक, शर्यतीसाठीच बनवलेली. तिची शक्ती आपल्या जुन्या यामाहा आरएक्स १०० च्या दुपटीहून अधिक. आरएक्स १०० ने १९८५ ते १९९६ या काळात गावोगावच्या तरुण पोरांची काय दैना केली, हे ज्यांना आठवते त्यांना यापुढे सांगायला नको. टू स्ट्रोकची शक्ती सारखी येत नाही. खालच्या फेऱ्यांवर इंजिन झोपलेले असते आणि एका टप्प्यानंतर एकदम उसळते. त्या उसळीच्या आधी क्लचवर बोट असणाऱ्यालाच ती गाडी शोभते. म्हणून सीसीचा आकडा पाहून गाडी निवडणे हे शिंगे पाहून बैल घेण्यासारखे आहे.

बैलाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या भागातल्या माणसाला हे शास्त्र नव्याने शिकवावे लागत नाही. नेकनूरच्या बाजारात बैल घेणारा आधी जबडा उघडतो. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. गोऱ्हा अंगाने कितीही भरलेला दिसला तरी दात सांगतील तेच त्याचे वय. त्याला पहिल्याच दिवशी नांगराला कोणी जुंपत नाही. आधी रिकामी गाडी, मग हलके औत, मग जड काम. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. त्या शर्यतींच्या मैदानांतही आदतचा गट वेगळा, दुसाचा वेगळा. मोटोक्रॉसच्या जगातही तेच आहे. तिथे दात नाहीत, चाके आहेत. ६५ सीसीच्या गाडीला पुढे १४ आणि मागे १२ इंची चाक, ८५ ला १७ आणि १४, त्याच्या वरच्या गटात १९ आणि १६, आणि पूर्ण मापाच्या गाडीला पुढे २१. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. त्या लीगमध्येही ४५० आणि २५० सीसीच्या गटांबरोबर लहान मुलांसाठी ८५ सीसीचा गट जाहीर झाला होता. पायऱ्या उगीच पाडलेल्या नसतात.

मी भावाला म्हटले, "गाडी विकत घेण्याआधी पोराला तिच्यावर बसवू." पुण्यात ओळखीतून दोन्ही गाड्या मिळाल्या, शिकवणारा माणूसही मिळाला. त्याने लावलेल्या परीक्षा मला पटल्या. ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिली, बूट घालून बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. टाचा टेकल्या नाहीत तरी चालेल. दुसरी, फूटरेस्टवर उभे राहिल्यावर न वाकता हात हँडलपर्यंत पोचावेत. तिसरी, क्लच आणि ब्रेक दोन बोटांनी, मूठ न सोडता दाबता यावेत. हाताचा पंजाही वाढत असतो, हे आपण विसरतो. चौथी, मुरमाच्या चढावर थांबवून पुन्हा निघता यावे. पाचवी, पायी चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढता यावा. सहावी सर्वांत महत्त्वाची. गाडी आडवी पाडायची आणि मुलाने ती एकट्याने उभी करायची. रानात पडल्यावर बाप जवळ असेलच असे नाही.

केएक्स ११२ वरून तो दोन फेऱ्या मारून उतरला. पडला नाही, घाबरलाही नाही. हेल्मेट काढून एवढेच म्हणाला, "काका, ही मला विचारून पळत नाही." चौदा वर्षांच्या मुलाने इतके स्वच्छ बोलावे, याचे मला कौतुक वाटले. २५० चा विषय त्याने स्वतःच सोडून दिला.

दुसरी गाडी होती केएलएक्स १४०. १४४ सीसी, फोर स्ट्रोक, हाताचा क्लच, पाच गिअर. जगभरात हे इंजिन तीन मापांच्या सांगाड्यांत मिळते, बैठका ७८०, ८०० आणि ८६० मिलिमीटरच्या. इंजिन तेच, उंची वेगळी. याला म्हणतात मुलांचा विचार करणे. आमच्या वाट्याला सर्वांत उंच आली. २१ इंची पुढचे चाक, वजन ९९ किलो. ती उभी करताना पोरगा दोनदा दमला, तिसऱ्यांदा हँडल पूर्ण वळवून, पायांचा जोर लावून त्याने ती उचलली. बाकीच्या परीक्षांत तो पास झाला, एक सोडून. चवडे अधांतरी राहत होते.

इथे मला शिंपी आठवला. उंची कमी करायला गाडीच बदलायला हवी असे नाही. बीडमध्ये गाद्या शिवणाऱ्या कारागिराकडून दुसरा फोम दीड इंच कमी कापून घेतला आणि नवे कव्हर चढवले. पुढचे फोर्क क्लॅम्पमध्ये थोडे वर सरकवले, मागच्या स्प्रिंगचा ताण सैल केला. स्वार बसल्यावर मागचा शॉकअब आपल्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबावा, असा ठोकताळा आहे. अठ्ठेचाळीस किलोंच्या मुलाखाली मोठ्या माणसासाठी लावलेली स्प्रिंग दबतच नाही आणि गाडी खड्ड्याखड्ड्याला उसळते. मूळ गादी माळ्यावर ठेवली आहे. पोरगा वाढेल तशी ती खाली येईल. माया सोडायचीच तर ती अशी गादीत, हँडलच्या कोनात, स्प्रिंगच्या ताणात सोडावी. इंजिनात नव्हे.

हेल्मेटात तर मुळीच नव्हे. "एक नंबर मोठं घ्या, दोन वर्षं जाईल," हे वाक्य भावाने दुकानात उच्चारलेच. सैल हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जाते. बुटांचे तसेच, आत पाय हलत असेल तर घोटा वाचत नाही. छातीचे कवच, गुडघ्यांचे गार्ड, सारे आजच्या मापाचे. इथे होणारा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा आणि तो परवडत नसेल तर गाडी परवडत नाही असे समजावे.

यामागे शरीराचे कारण आहे. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी मऊ पट्ट्या असतात. हाड तिथूनच लांबते. मुलग्यांमध्ये त्या साधारण सोळा-सतराच्या सुमारास भरून येतात. तोवर तिथे मोडले तर हाड जुळूनही त्याची वाढ वाकडी होऊ शकते. शिवाय या वयात हातपाय आधी लांबतात, धड मागून येते. स्वतःच्या पायांचा अंदाज स्वतःलाच नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या शर्यतीत बंगळुरूचा एक तेरा वर्षांचा मुलगा गेला. तो नवशिका नव्हता, आणि तो मैदानावर होता, नियमांच्या आत होता. हे वाचून आमच्या वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. गाडी घेऊ नका, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "घ्यायची तर त्याच्या मापाची घ्या."

गावातले लोक आम्हाला नावे ठेवतात, की चौदा वर्षांच्या पोराच्या हातात मोटारसायकल दिली. मी उलट विचारतो, रोज पहाटे डेअरीवर दुधाचे कॅन घेऊन येणारी पोरे किती वर्षांची आहेत? ऊसतोडीला आईबाप गेले की आजीला दवाखान्यात नेणारा नातू कोणत्या वर्गात आहे? स्प्लेंडरवर त्याचे पाय टेकतात का, हे कोणी पाहिले आहे? त्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, आणि समोर ट्रक आहे. अठरा वर्षांखालील मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गिअरची मोटारसायकल चालवणे बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. गरजेपोटी गाडी हाती घेणाऱ्या पोराला दोष देण्याचा माझा विचार नाही. पण गरज असली म्हणून माप बदलत नाही, एवढे त्याच्या बापाला कोणीतरी सांगायला हवे.

आमच्या रानात आता तूर निघाली की गाडी बाहेर येते. दर फेरीनंतर पोरगा स्वतः फिल्टर काढून धुतो, वाळवतो, तेल लावून बसवतो. काळ्या मातीची धूळ इंजिनाला फार दिवस सोडत नाही. हे काम केल्याशिवाय पुढच्या वेळी चावी मिळत नाही. केएक्स ११२ कधी घ्यायची, असे भाऊ अजून विचारतो. मी सांगतो, पोराचे दात बघून.