जाऊन आल्यावर काय सांगावं?

आम्हा अचलपूर-परतवाड्याच्या लोकांना मेळघाट काही लांब नाही. परतवाडा सोडलं की थोड्याच वेळात घाट लागतो, मराठी मागे पडते आणि कानावर कोरकू येऊ लागते. इथल्या चर्चमधली तरुण मंडळी सुट्टीत सेवादौऱ्याला निघाली, की बहुधा याच वाटेनं वर जातात. कुणी औषधं नेतं, कुणी मुलांना गाणी शिकवतं. आठवडाभरानं परतल्यावर एखाद्या रविवारी उपासना संपली, की त्यांना चार शब्द बोलायला उभं करतात. आमच्याकडे त्याला 'साक्ष' म्हणतात. आज या सांगण्याविषयीच बोलायचं आहे. जाण्याची तयारी महिनाभर चालते. आल्यावर काय सांगावं, याची कुणीच करत नाही.

रीत मात्र जुनी आहे. मार्काच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात बारा शिष्य गावोगाव फिरून येतात आणि केलेलं, शिकवलेलं सारं येशूला सांगतात. ते ऐकून तो त्यांना एकांतात जाऊन जरा विसावा घ्यायला सांगतो. मला हे फार मोलाचं वाटतं. पुढे पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परतले, तेव्हा त्यांनी मंडळी जमवून प्रवासाची हकिगत सांगितली. ज्यांनी पाठवलं, त्यांना हिशेब द्यायचा, अशी ती भावना. पंढरीहून आलेला वारकरी ओसरीवर बसून वारी सांगतो, तेव्हा घरी राहिलेल्या म्हातारीलाही तिचा वाटा मिळतो. तसंच हे.

पण हिशेबाला पैशाची बाजू आली, की सांगण्याचा सूर बदलतो. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांतले गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीनं वारले. अशा मिशनऱ्यांची पत्रं, रोजनिशा अमेरिकेत 'मिशनरी हेरल्ड' मासिकात छापून येत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिकडे मिशनकार्यासाठी प्रार्थनासभा भरत, त्यांत ही माहिती सांगितली जाई. देणगी तिथूनच यायची. मग लिहिणाऱ्याच्या हातून इथला अंधार जरा जास्तच काळा रंगवला जाई. माणसं खोटारडी होती असं नव्हे. ऐकणाऱ्याला जे हवं, तिकडे लेखणी आपसूक झुकते.

आता दुसरा नमुना पाहा. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. १८४५ पासून त्यांनी तिथे काम केलं आणि १८६३ साली टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या कागदांमध्ये गोंडांविषयीची टिपणं निघाली, लिंगोचं लांबलचक गीतही निघालं. रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ते सारं छापलं. धर्म सांगायला गेलेला माणूस समोरच्याचं गाणं उतरवून घेऊन आला होता! आमच्या एलिचपूरलाही, म्हणजे आजच्या अचलपूरला, कोरकूंसाठी एक मिशन होतं. जॉन ड्रेक यांनी लिहिलेलं कोरकूचं व्याकरण १९०३ साली कलकत्त्यात छापलं गेलं. कोरकू ही संथाळी-मुंडारीच्या कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा. लोकांच्या तोंडचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकल्याशिवाय असं पुस्तक होत नाही.

आमच्या मुलांच्या साक्षी मी बरीच वर्षं ऐकतो आहे. बहुतेकींत 'आम्ही' फार असतं. आम्ही गेलो, आम्ही वाटलं, आम्हाला रडू आलं. मेळघाट म्हटलं की कुपोषणाची बातमी डोक्यात आधीपासून असतेच. मग हाडं दिसणारं एक पोर सांगण्यात येतं आणि मोहाची फुलं वेचणारी, हसून खिदळणारी दहा पोरं राहून जातात. एकदा एका मुलीनं मात्र साधंच सांगितलं. ज्या घरी ती उतरली होती, तिथल्या बाईनं तिला भाकर आधी वाढली आणि स्वतः मागून जेवली. ती भाकर घरात किती जणांत वाटली गेली असती, हे तिनं मोजलं होतं. सभेत कुणी टाळी वाजवली नाही. घरी जाताना सगळे तेवढंच बोलत होते.

कोठाऱ्याला कुष्ठरुग्णालय आहे. तिथे जाऊन आलेल्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: रुग्णाचं नाव, गाव बोलू नका, फोटो दाखवू नका. आज औषधानं हा रोग पूर्ण बरा होतो, पण लोकांच्या मनातली भीती तितक्या लवकर जात नाही. तुमची साक्ष ऐकणाऱ्यांत त्याच्या गावचा एखादा निघतो आणि तिकडे त्याच्या लेकीची जुळलेली सोयरीक मोडते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता, याचा त्या लेकीला काय उपयोग?

अलीकडे आम्ही एक पद्धत पाडली आहे. परतल्यावर पहिल्या रविवारी कुणाला बोलायला लावत नाही. दोन-तीन आठवडे जाऊ देतो, मग चार-पाच जणांनी एकत्र बसून आपसात बोलायचं. आणि मंडळीपुढे जे सांगणार, ते आधी त्याच गावातल्या एखाद्या कोरकू माणसाला ऐकवायचं. तो गालात हसला, तर ते वाक्य गाळायचं. गेल्या खेपेला अर्धी साक्ष अशी गळाली. उरलेली दहा मिनिटांत संपली आणि लोक प्रश्न विचारत तासभर बसले.