निवडुंगाचे बोंड

माळरानावरील वाटेच्या कडेला किंवा शेताच्या कुंपणात फड्या निवडुंग तुम्ही पाहिला असेल. नागाने फडा उभारावा तसे त्याचे चपटे, हिरवे भाग एकावर एक चढलेले असतात. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. काट्यांमुळे गुरेही त्याच्या वाटेस जात नाहीत. परंतु याच काटेरी अंगावर पिवळी धमक फुले येतात आणि त्यांच्यामागून जांभळट तांबडी बोंडे धरतात. ती चवीला आंबटगोड असतात. बोंड कोणी खाल्ले, हे खेड्यांतील मुलांना विचारावे लागत नाही. रंगलेली जीभच ते सांगते. बिटाच्या कंदात ज्या जातीचे रंगद्रव्य असते, त्याच जातीचे ते या गरातही असते.

आपण ज्याला निवडुंगाचे पान म्हणतो, ते पान नव्हेच. ते त्याचे चपटे झालेले खोड होय. खरी पाने कोवळ्या फड्यावर इवलीशी येतात आणि लवकरच गळून पडतात. पाण्याच्या बाबतीत हे झाड मोठे काटकसरी आहे. इतर बहुतेक झाडे आपली सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात, त्यामुळे उन्हात त्यांचे पाणी उडून जाते. निवडुंग ती रात्रीच्या गारव्यात उघडतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो आणि दिवसा, छिद्रे मिटून, त्यापासून आपले अन्न तयार करतो.

म्हणूनच तो कुंडीतही सुखाने वाढतो. एक निरोगी फडा चिमट्याने धरून सांध्यापाशी कापावा आणि आठदहा दिवस सावलीत ठेवावा. कापलेली जागा कोरडी होऊन तिच्यावर खपली धरली, म्हणजे तो निम्मी माती व निम्मी वाळू भरलेल्या कुंडीत थोडा खोचून उभा करावा. कुंडीच्या तळाला भोक हवेच. भरपूर ऊन द्यावे. पाणी मात्र माती पूर्ण सुकल्यावरच. पाण्यावाचून निवडुंग सहसा मरत नाही, पण रोजच्या पाण्याने त्याची मुळे कुजतात. बोंडांसाठी दोनतीन वर्षे तरी धीर धरावा लागतो. इटलीतील सिसिली बेटावर या फळांच्या मोठ्या बागा आहेत. तेथील शेतकरी पहिला बहर मुद्दाम झोडून पाडतात, म्हणजे पुढच्या बहराची फळे अधिक मोठी येतात. गंमत अशी, की हे झाड मूळचे अमेरिका खंडातील असूनही तेथे त्याच्या फळाला ‘हिंदुस्थानचे अंजीर’ म्हणतात!

येथे एक सावधगिरी हवी. जमिनीवर पडलेला फडाही मूळ धरतो. हा गुण कुंडीत सोयीचा, पण रानात घातक. किरमिजी रंग देणारे किडे निवडुंगावर पोसतात. त्या रंगाच्या व्यापारासाठी हे झाड दूरदूर नेले गेले. १७९५ साली ब्राझीलमधून कलकत्त्यास आणलेले किडे हलक्या जातीचे निघाले व रंगाचा व्यापार काही साधला नाही. निवडुंगाने मात्र पुढे दक्षिण भारतात शेते आणि कुरणे व्यापली. १९२६ साली सिंहलद्वीपातून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, दुसऱ्या जातीचे किडे आणल्यावर त्याला आळा बसला. ऑस्ट्रेलियात तर त्याने सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन गिळली होती; शेतकरी घरेदारे सोडून गेले. अखेर अर्जेंटिनातून १९२५ साली आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ते रान पोखरून काढले. तेव्हा तुमच्या कुंडीतील छाटलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा उकिरड्यावर टाकू नका. वाळवून जाळून टाका.

आता चव घेण्याविषयी. मोठ्या काट्यांचे भय वाटते, पण खरा छळ करतात ती बोंडावरील केसासारखी बारीक कुसळे. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटांत शिरली की दिवसभर सलतात. बोंड चिमट्यानेच तोडावे आणि वाळूत चांगले घोळावे. मग घरातील मोठ्या माणसाकडून ते विस्तवावर फिरवून घ्यावे, म्हणजे उरलेली कुसळे जळतात. नंतर धुऊन, दोन्ही टोके कापून, उभी चीर देऊन साल सोलावी. कुसळ लागलेच, तर बोट तोंडात घालू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा. आणखी एक ओळख पक्की ठेवा : कापल्यावर ज्यातून पांढरा चीक गळतो, तो त्रिधारी निवडुंग वेगळा. त्याचा चीक विषारी असून डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते.

गर मऊ व रसाळ असतो, पण बिया इतक्या कठीण की दात त्यांच्यापुढे हरतात. शिवाय पुष्कळ बिया पोटात गेल्या तर पोट जड होते. म्हणून एकदोनच बोंडे खावीत, किंवा गर चाळणीतून गाळून, साखर व लिंबू घालून त्याचे सरबत करावे. त्याचा रंग कोकमाच्या सरबतालाही मागे टाकतो. चाळणीत उरलेल्या बिया उकळत्या पाण्यातून काढूनच बाहेर टाकाव्यात, त्याही उगवतात.