उत्तर बरोबर, पण वेळेत?

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) शहराजवळ वाहननगर येथे संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये नव्या वाहनाचा नमुना ज्या संस्थांकडून तपासून घ्यावयाचा असतो, त्यांत या संस्थेचा समावेश आहे. येथील चाचणीमार्गावर वाहनाचे इंजिन, चाके व ब्रेक पारखता येतात. मात्र आजच्या वाहनात असाही एक भाग असतो, ज्याची पारख केवळ वाहन पळवून पुरी होत नाही. तो भाग म्हणजे संगणकाची आज्ञावली.

ब्रेक दाबताच चाक जागीच अडकून वाहन घसरू नये, यासाठीची यंत्रणा १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना सक्तीची आहे. चाकाचा वेग मोजून ब्रेकचा दाब कधी सैल करावा, हे तीतील आज्ञावली ठरविते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन ३० मिलिसेकंदांत अर्धा मीटर पुढे जाते. म्हणजे निर्णय योग्य असूनही उशिरा आला तर तो चुकीचाच ठरतो.

आज्ञावलीचा अर्थ सांगताना ‘ती कोणते उत्तर देते’ एवढेच पूर्वी प्रामुख्याने पाहिले जाई. उत्तरासाठी किती वेळ, किती स्मृती, किती वीज लागेल, हा अर्थाचा दुसरा, परिमाणात्मक भाग होय. ५०० नावांच्या अकारविल्हे मतदार यादीत एक नाव पहिल्यापासून शोधल्यास ५०० वेळा तुलना करावी लागू शकते. यादी दर वेळी मधोमध विभागल्यास ९ तुलना पुरतात. दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच. खर्च मात्र निराळा.

चाचणी घेतल्याने त्या दिवशी किती वेळ लागला हे कळते, जास्तीत जास्त किती लागेल हे कळत नाही. ती मर्यादा आज्ञावलीचा मजकूर तपासून काढावी लागते. कोणतीही आज्ञावली थांबेल की नाही हे सांगणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले. म्हणून अशा यंत्रणांत प्रत्येक आवर्तन जास्तीत जास्त किती वेळा फिरेल, याचे बंधन आधीच घातले जाते. अंदाज थोडा जास्त झाला तरी चालतो, कमी झालेला चालत नाही.

एकाच संगणकावर अनेक कामे असली की प्रश्न अधिक बिकट होतो. यासंबंधीची एक मूलभूत रीत मथाई जोसेफ आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परितोष पंड्या यांनी १९८६ साली मांडली. समजा, ब्रेकचे काम दर ५ मिलिसेकंदांनी येते व २ घेते. इंधनाचे दर १० मिलिसेकंदांनी येते व ३ घेते. चालकापुढील माहितीफलकाचे दर ३० मिलिसेकंदांनी येते व ४ घेते. ब्रेकला पहिला मान, फलकाला शेवटचा. वरचे काम आले की खालचे थांबते. तिन्ही कामे एकाच क्षणी आली तर फलकाचे काम कधी पुरे होईल?

प्रथम तिन्ही कामे एकेकदा धरली, तर ४, २ व ३ मिळून ९ होतात. परंतु ९ मिलिसेकंदांत ब्रेकचे काम दुसऱ्यांदा येते, म्हणून ११. तेवढ्यात ब्रेक तिसऱ्यांदा व इंधन दुसऱ्यांदा येते, म्हणून १६. त्यात ब्रेक चौथ्यांदा, म्हणून १८. आता १८ मध्ये नवे काही येत नाही, आकडा स्थिरावतो. ४ मिलिसेकंदांच्या कामाला १८ लागतात. रस्त्यावर तिन्ही कामे नेमकी एका क्षणी येण्याचा योग चाचणीच्या दिवशी येईलच असे नाही. कागदावर तो हमखास गाठता येतो.

आता कोणी ब्रेकच्या आज्ञावलीत सुधारणा केली व तिला २ ऐवजी ३ मिलिसेकंद लागू लागले, असे धरू. ब्रेक व इंधन मिळून दर १० मिलिसेकंदांतील ९ घेतात, फलकाला १ उरतो. त्याचे ४ मिलिसेकंदांचे काम ४० व्या मिलिसेकंदाला संपते, आणि पुढचे काम तर ३० व्यालाच येऊन थांबलेले असते. एकाही कामाचे उत्तर चुकलेले नाही, तरी यंत्रणा मागे पडत जाते. म्हणून आज्ञावलीतील एखादी ओळ बदलली, तरी हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.