एका मागणीचं राजकारण आणि जालन्याचा मतदार

गैरसमज : आंदोलनाला गर्दी होते, म्हणजे त्याचे आमदारही निवडून येतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाची मागणी घरोघरी पोचली. तरीही ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटलांनी विधानसभा लढवायची नाही असं जाहीर केलं. एका जातीच्या बळावर जिंकता येत नाही, हे कारणही सांगितलं. माझ्या मते तो हिशेब अचूक होता. आपल्याकडे मतदारसंघात सर्वाधिक मतं घेणारा एकटाच निवडून येतो. विखुरलेल्या पाठिंब्यातून जागा मिळत नाहीत.

गैरसमज : अपक्ष फक्त मतं खातो.

२०२४ च्या लोकसभेला जालन्यात काँग्रेसच्या कल्याण काळे यांनी भाजपचे पाच वेळचे खासदार रावसाहेब दानवे यांना सुमारे १ लाख १० हजार मतांनी हरवलं. आरक्षण आंदोलनातले तरुण सरपंच, अपक्ष मंगेश साबळे यांना दीड लाखाहून अधिक मतं पडली. साबळेंनीच दानवेंना पाडलं, असं म्हणणं सोपं आहे. पण ते उभे नसते तर ही मतं दानवेंना गेली असती, काळेंना गेली असती की घरीच राहिली असती, हे मोजणीत दिसत नाही. मत कुठल्याही पक्षाच्या मालकीचं नसतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा जागा भाजपच्या महायुतीने जिंकल्या. म्हणून मागणी विरली असं नाही. मतदाराला एकाच बटणातून सरकार, स्थानिक माणूस, पिकाचा भाव आणि आरक्षण या सगळ्यांवर एकदम बोलावं लागतं.

मागणी कुणाच्या हातात आहे, हेही विचारायला हवं. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा निर्णय राज्य सरकारचा. फेब्रुवारी २०२४ चा दहा टक्के मराठा आरक्षणाचा कायदा विधिमंडळाचा. एकूण आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये घातलेली. ती घटनादुरुस्तीने ओलांडायची तर संसदेतच जावं लागतं. खासदाराला आणि आमदाराला एकच प्रश्न विचारून भागत नाही.

गैरसमज : मागणी फेटाळली गेली की पक्ष संपतो.

जालन्याबाहेरचं एक जुनं उदाहरण पाहा. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी उभा राहिला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी विलीनीकरण नाकारलं. दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी या पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं, कारण कुळांना संरक्षण देणारा कायदा आणि गावोगावच्या शाळा हीसुद्धा त्याच पक्षाची कामं होती.